सुई टोचण्याआधी प्रोब लावा: टॉन्सिलमागचा पू आणि सोनोग्राफी

घसा एकाच बाजूला ठणकतो, कानात कळ जाते, तोंड दोन बोटंही उघडत नाही, थुंकी गिळवत नाही, आवाज गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा. टॉर्च मारली की पडजीभ पलीकडे ढकललेली दिसते. असा पेशंट आला की हात आधी सुईकडे जातो. पण आत पू साठलाय की नुसती सूज आहे, हे बघून सांगता येत नाही. सूज असेल तर सुई कोरडी येते, आणि नेम चुकला तर पू असूनही कोरडीच येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २८ रुग्णांच्या एका चाचणीत तोंडातून सोनोग्राफी केलेल्या गटात पू असलेल्या प्रत्येकाचा पू निघाला. अंदाजाने टोचलेल्यांत निम्म्यांचाच.

लागणारा प्रोब (सोनोग्राफी मशिनचा अंगाला टेकवायचा भाग) म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांकडचा आतून तपासणीचा, ५ ते ८ मेगाहर्ट्झचा. आपल्याकडे अडचण मशिनचीच. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक मशिनची नोंद ठरलेल्या जागेची असते, आणि कोल्हापूर तर मशिनवर तपासण्यांची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवलेला जिल्हा. त्यामुळे शेजारच्या दवाखान्यातून मशिन उचलून आणायचं मनातही आणू नका, पेशंटलाच मशिनपाशी न्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासारख्या ठिकाणी कान-नाक-घसा आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. गडहिंग्लज-राधानगरीसारख्या तालुक्यांतून पाठवताना मात्र चिठ्ठीवर 'टॉन्सिलमागे पू आहे का, कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) किती खोल' असा नेमका प्रश्न लिहा. 'गळ्याची सोनोग्राफी' एवढंच लिहिलं तर थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडतो.

आधी सलाइन आणि वेदनाशामक द्या, जबडा थोडा सैल होतो. घसा बधिर करायला १० टक्के लिग्नोकेनचे ३-४ फवारे मारून दोन-तीन मिनिटं थांबा. प्रोब उच्च दर्जाने निर्जंतुक केलेला हवा. कव्हरच्या आत जेल भरा, हवेचा बुडबुडा राहिला तर काळी सावली पडते. बाहेरून जेल नको, लाळ पुरते. पेशंटला ताठ बसवा; प्रोब त्याच्याच हातात देऊन दुखऱ्या जागी टेकवायला सांगितलं तर उमळ कमी येते.

आधी चांगली बाजू बघा. निरोगी टॉन्सिल लहान, पट्टेदार दिसतो. नुसत्या सुजेत तो मोठा होतो, पण पट्टे टिकतात. पू असेल तर टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला काळसर, वेड्यावाकड्या कडेची पोकळी दिसते, तिच्या मागचा भाग उजळतो आणि प्रोबने हलकं दाबलं की आतला पू हलतो. मग रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावायचाच. आत रंग भरला तर ते गळू नाही, रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो, तिथे सुई नको.

दोन आकडे लिहून घ्या: पुवापर्यंतचं अंतर आणि अंतर्गत कॅरोटिड किती खोल. ही धमनी मोठ्या माणसात टॉन्सिलच्या मागे-बाहेर साधारण २ ते २.५ सेंटीमीटरवर असते, पण सूज तिची जागा बदलू शकते. १८ नंबरच्या सुईचं प्लास्टिक टोपण कापून फक्त १ सेंटीमीटर टोक बाहेर ठेवा, म्हणजे हात घसरला तरी सुई खोल जात नाही. सुरुवात वरच्या टोकापासून, दिशा सरळ मागे, बाहेरच्या बाजूला कधीच नाही.

तोंड अजिबात उघडत नसेल किंवा मूल लहान असेल, तर साधा लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब जबड्याच्या कोनाखाली लावा, मान दुसरीकडे वळवा आणि प्रोब वर टॉन्सिलकडे कलता धरा. लाळग्रंथीतून पलीकडे टॉन्सिल दिसतो. पोकळी असल्याचं इथे कळतं, पण सुईची वाट तोंडातून इतकी स्वच्छ दिसत नाही.

श्वास घेताना घरघर, पुढे वाकूनच बसणं, मान वळवता न येणं, यांपैकी काही असेल तर प्रोब बाजूला ठेवा. आधी श्वासमार्ग, सोबत भूलतज्ज्ञ. घशाच्या मागच्या भिंतीत किंवा मानेत खोल उतरलेला पू सोनोग्राफीत निसटतो, त्यासाठी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन) लागतो.