तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी वर्षं नुसती वाट बघत बसलात?

"काय गं, झालं का तुमच्या केसचं?" मंडळाच्या गणपतीत प्रसाद घेताना कोणीतरी विचारतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विचारतात. परभणीहून मावशीचा फोन आला की तब्येतीची चौकशी संपताच हाच विषय निघतो. केस म्हणजे अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून केलेला आमचा अर्ज. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण "नाही अजून" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो मला सोसत नाही: "मग इतकी वर्षं नुसती वाट बघत बसलात?" इथल्या न्यू जर्सीतल्या ओळखीच्यांना आणि तिकडच्या नातेवाइकांना एकदाच नीट सांगावं म्हणून लिहिते आहे. नावं कोणाचीच घालत नाही, स्वतःचंही नाही.

आम्ही जातीबाहेर लग्न केल्यावर गावात काय झालं, पुण्याच्या खोलीपर्यंत कोण येऊन गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुमच्यातल्या काहींनी आम्हाला दार उघडलं, काहींनी नाही. ते आता उगाळत नाही.

आश्रयाचा अर्ज आम्ही २०१६ मध्ये भरला. अमेरिकेत पोचल्यापासून वर्षाच्या आत तो भरावा लागतो, तसा भरला. कायद्यात लिहिलंय की अपवादात्मक कारण नसेल तर मुलाखत ४५ दिवसांत व्हावी आणि निर्णय १८० दिवसांत. तसं होत नाही हे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण तेव्हा जुने अर्ज आधी घेत होते, डिसेंबर २०१४ पासून तीच पद्धत होती. त्यामुळे आपला नंबर हळूहळू का होईना, पुढे सरकतोय असं वाटायचं. जानेवारी २०१८ च्या शेवटी ही पद्धत उलटवली. शेवटी आलेला अर्ज आधी, आणि उरलेला वेळ जुन्यांना. कोठीत रोज नवं पोतं वर रचायचं आणि वरचंच उपसायचं, तर तळाचं पोतं कधी निघणार? आम्ही तळाला होतो. पुढे मार्च २०२४ मध्ये काही अधिकारी खास जुन्या अर्जांसाठी नेमले, तेव्हा जरा हालचाल दिसू लागली.

पद्धत का उलटवली, तेही सांगते, कारण त्यावरून मला टोमणे ऐकावे लागलेत. अर्ज प्रलंबित राहिला की काही महिन्यांनी कामाचा परवाना मिळतो. नुसत्या परवान्यासाठी लोक अर्ज करतात, नवे अर्ज लगेच निकाली काढले की ते थांबतील, असा सरकारचा हिशोब होता. असे अर्ज करणारे आहेत. मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत, आणि त्यात मराठी नाहीत असंही मी म्हणणार नाही. पण म्हणून हळदीकुंकवाचं वाण हातात देताना "तुम्हाला काय, परवाना आहेच की" असं मला ऐकवायचं? माझ्या नवऱ्याच्या पाठीवर ते टाके कशाचे आहेत, हे माहीत असूनही?

नुसतं बसलो नाही. नवरा गोदामात रात्रपाळी करतो. मी पाळणाघरात शिकवते, त्यासाठीचं प्रमाणपत्र इथेच मिळवलं. घर मात्र बदललं नाही. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवावं लागतं, आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत गेलो तर फाईलही तिकडे जाते. ती वाटेत कुठे अडकली तर, या भीतीने ओल आलेल्या भिंतीच्या फ्लॅटमध्येच राहिलो. कपाटात एक फाईल आहे. जातीबाहेर लग्न केल्यावरून महाराष्ट्रात कुठे खून झाला, कुठे मारहाण झाली, त्या बातम्यांची कात्रणं मी तिच्यात तारखेनुसार लावते. मुलीचा डबा भरून झाल्यावर, कामाला निघायच्या आधी. हे मी का करते, ते मला तुम्हाला समजवायचंय.

तुम्ही म्हणता, विसरा आता, आयुष्य पुढे न्या. पण आम्हाला पूर्वी भीती होती का, एवढ्यावर अर्जाचा निकाल लागत नाही. आज परत गेलात तर काय होईल, असं विचारतात. म्हणजे मुलाखत होईल त्या दिवशी भीती जिवंत हवी, तपशिलासकट. गाडीचा रंग, कोण आधी बोललं, काठी कोणाच्या हातात होती. शपथपत्रात एक आणि तोंडी दुसरं आलं तर खोटं ठरतं. धड जगायचं तर विसरायला हवं आणि अर्ज टिकवायचा तर आठवायला हवं. ही दोन्ही कामं मी एकाच घरात करते, त्यामुळे "एवढी हसतेस, मग तुला कसली भीती" असं कोणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

सुरुवातीच्या काळात मी एका मैत्रिणीला लांबलचक मेसेज पाठवला होता. तिचीही केस चालू होती. "पत्र येईल तेव्हा येईल. आपण वाट बघायचीच नाही, जगायचं," असं काय काय लिहिलं होतं. मध्यंतरी तिने तो मला परत पाठवला. वाचून मला त्या बाईचा, म्हणजे तेव्हाच्या माझाच, राग आला. तिला मूल नव्हतं, आणि तिची रांग तेव्हा सरळ होती. पण तिने तसं ठरवलं नसतं तर मी शिकले नसते, गाडी चालवायला लागले नसते, मुलगीही कदाचित झाली नसती. तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही, आणि पटतही नाही.

आता मुलाखतीचं. ती पुढे गेली एवढंच तुम्हाला माहीत आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात बोलावणं आलं. दुभाषी आपला आपण न्यायचा असतो आणि वकिलाला ते काम करता येत नाही. मला साक्ष मराठीतूनच द्यायची होती, म्हणून कोल्हापूरकडची एक मैत्रीण तयार झाली. लग्न पळून केलंय, यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं. मुलगी झोपली की आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो, मी सांगायचे आणि ती इंग्रजीत सांगायची. दुभाष्याने 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. त्यामुळे "माझे वडील म्हणाले, याला संपवा" हे तिला स्वतःचं म्हणून बोलावं लागायचं. दुसऱ्या रात्री ती मधेच उठून बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग परत येऊन बसली. म्हणाली, पुन्हा सांग.

एका सकाळी वेणी घालताना मुलीने विचारलं, "आई, आजोबांनी बाबाला मारायला माणसं पाठवली होती?"

ती इथेच जन्मली, २०१७ मध्ये. तिला मराठी यावं म्हणून दर रविवारी मंडळाच्या शाळेत नेतो. भिंतीपलीकडून तिला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, हो. तिने विचारलं, का? मी म्हटलं, बाबाची जात वेगळी आहे म्हणून. तिने विचारलं, जात म्हणजे काय? बस यायची वेळ झाली होती. मी रिबन बांधली आणि तिला सोडून आले. दिवसभर पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं मांडीवर घेऊन बसले होते आणि उत्तर जुळवत होते. अजून जुळलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही चौघं वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. तो, मी, मैत्रीण, वकीलबाई. सुरक्षेच्या दारातून गेलो, खिडकीत कागद दिले, बसलो. आमच्यानंतर आलेली माणसं आत जाऊन बाहेर आली. दुपारकडे खिडकीतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, आज अधिकारी उपलब्ध नाहीत, नवं पत्र टपालाने येईल. वकीलबाईंनी तारीख मागितली. तारीख नाही.

पार्किंगमध्ये नवऱ्याने गाडी चालूच केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मैत्रीण मागे फाईल मांडीवर घेऊन रडत होती. मला रडू आलं नाही. इतके आठवडे सगळं वर काढून जिभेवर आणून ठेवलं होतं, आणि आता ते कुठे ठेवायचं ते मला कळेना. मी ओरडले की मी हे पुन्हा बोलणार नाही, कोणासमोरही नाही, हवं तर अर्ज मागे घ्या. तो म्हणाला, "ठीक आहे." मग आम्ही शेजाऱ्यांकडून मुलीला आणायला गेलो. गाडीत बसताच तिने विचारलं, "त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला का?"

नवं पत्र आलं नाही. त्याच वर्षी जुलैच्या कायद्याने प्रलंबित अर्जावर दरवर्षी १०० डॉलर फी लावली. नोव्हेंबरच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन सैनिकांवर गोळीबार झाला, आणि त्यावरून आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णयच थांबवल्याचं जाहीर झालं. डिसेंबरपासून नवा कामाचा परवाना पाच वर्षांऐवजी अठरा महिन्यांचा झाला. नूतनीकरण रखडलं तर जुना आपोआप वाढायचा, तेही ऑक्टोबरअखेर बंद झालं. आमच्यामुळे कोणाला काही झालेलं नाही. पण तळाच्या पोत्याला हे कोण विचारतं?

मग तुम्ही म्हणता, परत या. मावसभाऊ मला सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निकालाची बातमी पुन्हा पुन्हा पाठवतो. अशा जोडप्यांसाठी सुरक्षागृहं, विशेष कक्ष, सगळं त्यात आहे. निकाल चांगला आहे, मी तो पूर्ण वाचलाय. पण सुरक्षागृहात किती दिवस राहायचं? आठ वर्षांच्या मुलीला घेऊन? "मुंबईत राहा, एवढ्या गर्दीत कोण शोधतंय" असंही म्हणता. दुसऱ्या शहरात का राहिला नाहीत, हा प्रश्न अधिकारीही विचारतात, त्यांचं ते कामच आहे. तुमचं नाही. पुण्यात आम्ही त्याच भरवशावर राहिलो होतो. वडील आता थकलेत असं मावशी सांगते. भाऊ थकलेला नाही, हे ती सांगत नाही, मला दुसरीकडून कळतं.

तिकडे खरंच आता काही होणार नाही, असं मला कधी वाटतं का? वाटतं. एखाद्या दुपारी वाटतं, आणि मग मी फाईल काढून बसते.

सध्या परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद टेबलावर आहेत. वकीलबाई म्हणतात, शपथपत्रात नवं काही जोडायचं असेल तर आताच जोडा. मुलीला कळलंय आणि ती रात्री उठते, हे लिहावं असं माझं म्हणणं आहे. तिला त्या फाईलमध्ये आणायचं नाही, असं त्याचं. काल यावरून पुन्हा वाजलं आमचं, आणि अजून काही ठरलेलं नाही.