रुंद रूळ रुंद दिसला पाहिजे

आमच्या माडीवर गेली सहा वर्षे दर रविवारी दुपारी चारनंतर आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणारी वेडी माणसे जमतात. त्यांतले सर्वांत वडीलधारे म्हणजे गार्डकाका. रेल्वेने २०२२ मध्ये गार्ड या पदाचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केले, पण काका त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले असल्यामुळे आमच्या तोंडी गार्डकाका हेच नाव राहिले आहे. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे यंत्रमाग चालवणारे अण्णा घरी तेलुगू बोलतात आणि आमच्यात आले की आमच्याहून स्वच्छ मराठी बोलतात. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे, त्याला सगळेच बाळ म्हणतात. चौथी मी. शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे या मंडळींसाठीही मी 'बाई'च आहे.

माडीवर आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशा प्लायच्या फळीवर आम्ही कुर्डुवाडी जंक्शन उभे करत आहोत. आजचे नव्हे, तर बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची लहान गाडी चालू असतानाचे. कुर्डुवाडीच का, असे नवे पाहुणे हटकून विचारतात. माझे वडील तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि माझे बालपण त्या भोंग्यावर उठण्या-बसण्यात गेले, हे माझे उत्तर. गार्डकाकांचे उत्तर असे असते की, एकाच स्थानकात मोठी आणि लहान अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असलेले दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला दुसरे कोणतेही स्थानक करावेसे वाटणार नाही.

आमचा सगळ्यांत मोठा वाद याच दृश्यावरून झाला आणि तो जवळजवळ दीड महिना चालला.

छोट्या आगगाड्यांसाठी जगभर सर्वांत जास्त चालणारे प्रमाण आहे एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची प्रतिकृती. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, तेही याच प्रमाणातले. आमच्यापैकी तिघांना हा नाद तिथेच लागला. या प्रमाणात बाजारात मिळणाऱ्या तयार रुळाच्या दोन पट्ट्यांमधले अंतर, म्हणजे माप, १६.५ मिलीमीटर असते, कारण युरोपातल्या १४३५ मिलीमीटरच्या मापाला ८७ ने भागले की बरोबर तेवढेच उत्तर येते. आपली रुंदमापी (ब्रॉडगेज) मात्र १६७६ मिलीमीटरची आहे आणि तिला ८७ ने भागले की १९.२६ येतात. म्हणजे तयार रुळावर आपली गाडी ठेवली, तर ती जवळजवळ तीन मिलीमीटर अरुंद पायांवर उभी राहते. बार्शीच्या गाडीचे माप ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट, त्याचे ८.७६ होतात आणि एचओहून लहान अशा एन प्रमाणाचा ९ मिलीमीटरचा रूळ त्याला जवळजवळ अचूक बसतो. थोडक्यात, आमची लहान गाडी बरोबर होती आणि मोठी चुकीची.

बाळचे म्हणणे होते की, जगात सगळेच ही तडजोड करतात, तीन मिलीमीटर कोणाला दिसणार? गार्डकाकांनी त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळ, रुंद रूळ रुंद दिसला पाहिजे. तो अरुंद दिसला, तर बार्शीची गाडी लहान आहे हे कळणार कसे?" मी फळ्यावर भागाकार मांडून पाहिला. खऱ्या कुर्डुवाडीत मोठे माप लहान मापाच्या २.२ पट होते. तयार रूळ वापरले, तर ते फक्त १.८३ पट होत होते. एवढा फरक डोळ्याला कळतो. पाहणाऱ्याला तो आकड्यात सांगता येत नाही, पण काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. काकांचे म्हणणे गणितानेही खरे ठरले याचा मला फार आनंद झाला.

मग अण्णांनी चार फुटांचा रुंदमापी रूळ हाताने बांधायला घेतला. तांब्याचा पातळ थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून त्यांचे रुळांखालचे आडवे स्लीपर केले, तयार पट्टीतून रूळ ओढून काढले, ओळखीच्या लेथवाल्याकडून १९.३ मिलीमीटरचा पितळी मापक करून घेतला आणि प्रत्येक स्लीपरवर रुळाला झाळ (सोल्डर) दिला. सहा वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, चाके उपटून लांब आसांवर बसवावी लागली. या कामाला तीन महिने लागले. ही मालगाडी हलत नाही, नुसती उभी असते. हलते ती बार्शीची गाडी. जिल्ह्यात तिसरे मापही होते, कारण होटगीला गदगकडून मीटरगेज येत असे, पण त्याचा विषय काढला की अण्णा हात जोडतात.

बार्शीच्या गाडीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनाही ती नीट माहीत नसते. मुंबईहून आलेला मोठा रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, पण कापसाची मोठी पेठ असलेले बार्शी त्या रुळापासून बाजूला राहिले. कुर्डुवाडीच्या स्थानकाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रेल्वे बांधली आणि ती १८९७ मध्ये सुरू झाली. हलका रूळ टाकूनही भरपूर माल नेता येतो, फक्त कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याच्या विचाराचा गाभा होता. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके, म्हणजे दांड्यांनी एकमेकांना जोडलेली चाके, आणि मागे आणखी चार चाके होती. भार जितक्या चाकांवर वाटला जाईल तितका रूळ सुखी, हे मी वर्गात भागाकार शिकवताना कितीतरी वेळा सांगितले आहे. पुढे ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेची इंजिने बार्शीच्या इंजिनांवरून बेतली होती, हे बाळने आम्हाला दाखवले, तेव्हा गार्डकाकांच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहण्यासारखा होता. आमच्या इंजिनाचे वरचे अंग बाळने स्वतः आराखडा काढून थ्रीडी प्रिंटरवर छापले आहे. खालचा सांगाडा एन प्रमाणाच्या एका तयार इंजिनाचा असल्यामुळे आठ जोडचाकांऐवजी सहाच आहेत आणि ही उणीव आम्हाला अजून भरून काढायची आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळते, कारण आमची निम्मी सामग्री तिथूनच येते. रुळाखालची खडी साधारण पन्नास मिलीमीटरची धरली, तर सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने ती अर्ध्या मिलीमीटरहून थोडी मोठी होते, म्हणजे रव्याएवढी. अण्णांनी खडी केंद्रावरून काळ्या दगडाची कच आणली आणि मी ती रव्याच्या चाळणीतून चाळली. ती चाळण आता माडीवरच असते, स्वयंपाकाला मी नवी घेतली. खरा रवा वापरण्याची सूचना एका पाहुण्याने केली होती, परंतु धान्याचे काहीही चिकटवले की पावसाळ्यात मुंग्या आणि किडे लागतात, हे ज्याने डबे सांभाळले आहेत त्याला सांगावे लागत नाही. कच पसरल्यावर फेविकॉलमध्ये तितकेच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने सोडायचे. साबण नसेल तर पाण्याची गोळी होऊन खडी वाहून जाते. आपली काळी माती दाखवायला उकळलेल्या चहाचा चोथा चार दिवस कडक उन्हात वाळवून चाळला, की त्यासारखा दुसरा पदार्थ नाही. मात्र तो किंचितही ओलसर राहिला, तर बुरशी धरते.

उन्हाने आम्हाला एकदा चांगलेच शिकवले. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, आम्ही लहान गाडीचा आठ फुटांचा रूळ जोडणीत फट न ठेवता घट्ट बसवला. एप्रिलच्या अखेरीस माडी तापली आणि एका सकाळी मधला रूळ सापासारखा वाकलेला दिसला. हिशेब साधा आहे. निकेल-सिल्व्हरचा २.४ मीटरचा रूळ २५ अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलीमीटर वाढतो, आणि त्याच वेळी कोरड्या हवेत खालचे लाकूड आकसते. गार्डकाका म्हणाले, "बाई, उन्हाळ्यात भर दुपारी गँगमन रुळावरून चालत का जातो, ते आता तुम्हाला कळलं." आता प्रत्येक जोडणीत आम्ही पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवतो.

गार्डकाकांच्या हाताला जी चव आहे, तीही रेल्वेनेच दिलेली आहे. नोकरीत वाडी जंक्शनला आणि दौंडला रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात, मुक्काम असे. कर्मचाऱ्याने शिधा द्यायचा आणि तिथल्या आचाऱ्याने रांधून द्यायचे, अशी पद्धत होती. काका मात्र आचाऱ्याशेजारी बसून शिकत राहिले. त्यांच्या लाईन बॉक्समध्ये, म्हणजे कामाच्या पेटीत, झेंड्या, दिवा आणि शिट्टी यांच्याबरोबर कडक भाकरीची चवड आणि शेंगांच्या चटणीचा डबा असे, कारण गाडी कुठे किती तास अडकेल याचा नेम नसे आणि या दोन पदार्थांना काही होत नाही. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नाही. तेव्हापासून घरचा सगळा स्वयंपाक काकाच करतात.

त्यांची चटणी उखळातली. शेंगदाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजायचे, साल चोळून निम्मीच काढायची, लसूण, जिरे आणि मीठ आधी कुटून घ्यायचे, मग लाल तिखट आणि शेवटी दाणे घालून, हाताला तेल लागेपर्यंत कुटायचे. मिक्सरमध्ये दाण्याचे पीठ होते किंवा लगदा होतो. उखळात मात्र काही दाणे भरड राहतात आणि काही तेल सोडतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घासात आल्या पाहिजेत, असे काकांचे म्हणणे आहे. काकू शेजारी खुर्चीवर बसून डाव्या हाताने चव पाहतात आणि मीठ कमी की जास्त ते सांगतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय डबा भरला जात नाही. रविवारी तो डबा आमच्याकडे येतो, मी भाकरी आणि दही ठेवते, आणि तेवढा अर्धा तास कोणीही रुळाला हात लावत नाही, कारण तेलाचे बोट रुळाला लागले की वीज नीट वाहत नाही आणि इंजिन अडखळते.

अशाच एका अर्ध्या तासात मी त्यांना माझ्या आजोबांविषयी सांगितले. दोन मापांच्या रुळांमुळे कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. लहान वाघिणीतले प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जाई आणि मोठीतले लहानीत येई. माझे आजोबा ते काम करणारे हमाल होते. वडिलांना पुढे कारखान्यात नोकरी लागली, ती आजोबांनी एका साहेबांच्या पाया पडून मिळवली होती, असे आई सांगत असे. शाळेतल्या इतक्या वर्षांत मी हे सहकाऱ्यांपैकी कोणालाही सांगितले नव्हते. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, त्यांचे वडीलही गिरणीत गाठी उचलत असत.

गेल्या रविवारी मोठा रूळ फळीवर कायमचा बसला. अण्णांनी पितळी मापक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, तो कुठेही अडला नाही. बाळने बार्शीची गाडी त्या सहा मोठ्या वाघिणींच्या शेजारून हळूहळू नेली, आणि पहिल्यांदाच ती खरोखर लहान दिसली. तिची चाके, तिचे डबे, तिच्या छपरांची उंची, सगळे शेजारच्या गाडीच्या मानाने इतके बरोबर दिसले की आम्ही तिला पुन्हा पुन्हा नेऊन आणले. गार्डकाकांनी खिशातून वही काढून वेळ लिहिली, पाच वाजून अठरा मिनिटे.

मी त्या दिवसासाठी एक हमाल रंगवून ठेवला होता. वीस मिलीमीटर उंचीचा, पांढरे धोतर, डोक्याला मळकट पटका, पाठीवर पोते. दोन्ही रुळांच्या मधल्या फलाटावर तो ठेवायचा होता. चिकटवण्यापूर्वी काकांनी विचारले, "बाई, हा लहान गाडीकडून मोठ्या गाडीकडे चाललाय की मोठीकडून लहानीकडे?" बार्शीकडून कापूस येत असे आणि उलट बाजूने कापड, मीठ आणि लोखंड जात असेल. आजोबा त्यांतले काय अधिक उचलत, हे वडिलांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी त्या बाहुल्याखाली फेविकॉल लावला नाही. तो सध्या फलाटावर नुसता उभा आहे, आणि बाळ दर वेळी माडीवर आला की त्याचे तोंड दुसरीकडे वळवून ठेवतो.