रिकॉलच्या दिवशी मतदान केंद्रावर

ग्रीन कार्डवाल्याला कॅलिफोर्नियात मत देता येत नाही, पण मतदान केंद्रावर कामाला बसता येतं. सांता क्लारा काउंटीला हिंदी येणारी माणसं हवीच असतात. त्यामुळे 5 जून 2018 ला मी सनीव्हेलमधल्या एका हॉलमध्ये गळ्यात बिल्ला अडकवून बसले होते. मतदान सकाळी सात ते रात्री आठ. आम्ही मात्र पहाटेच हजर, आणि सुटका सगळं मोजून, सील करून, टेबलं-खुर्च्या आवरल्यावर. मानधन किती मिळतं ते इथे लिहीत नाही, माहेरचे वाचतात.

मतपत्रिका लांबलचक होती. एकट्या गव्हर्नरपदालाच 27 उमेदवार, शिवाय पुलांचा टोल वाढवायचा की नाही तेही विचारलेलं. पण येणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच गोष्टीसाठी आले होते: जज आरन पर्स्की यांना पदावरून काढायचं की ठेवायचं. मुदत संपण्याआधीच मतदारांनी असं पदावरून काढणं म्हणजे रिकॉल.

प्रकरण बहुतेकांना माहीत असेल. जानेवारी 2015 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, रात्री, ब्रॉक टर्नर हा 19 वर्षांचा विद्यार्थी एका बेशुद्ध मुलीवर लैंगिक अत्याचार करताना सापडला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पाहिलं. तो पळाला, त्यांनी धरून ठेवला. मार्च 2016 मध्ये ज्यूरीने तिन्ही गंभीर गुन्ह्यांत त्याला दोषी ठरवलं. कायद्याने 14 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, सरकारी वकिलांनी 6 वर्षं मागितली होती. पर्स्कींनी दिले काउंटी जेलचे 6 महिने आणि 3 वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली. जेलचे 3 महिने भोगून सप्टेंबरात तो बाहेर. मोठ्या तुरुंगाचा या मुलावर फार गंभीर परिणाम होईल, असं जजसाहेबांचं म्हणणं. मुलाच्या वडिलांनी तर कोर्टाला लिहिलं होतं की 20 वर्षांच्या आयुष्यातल्या 20 मिनिटांची ही फार मोठी किंमत आहे.

मुलगा पोहणारा होता. स्टॅनफर्डच्या संघातला, ऑलिंपिकची स्वप्नं बघणारा. खटल्याच्या बातम्यांत त्याच्या शर्यतींच्या वेळासुद्धा छापून यायच्या. शिक्षा सुनावली त्या दिवशी त्या मुलीने कोर्टात आपलं निवेदन वाचलं. तो किती वेगाने पोहतो याने माझ्यावर जे झालं ते हलकं होत नाही, असं त्यात तिने सांगितलं होतं.

आमचं काम सोपं असायला हवं होतं. नाव शोधायचं, सही घ्यायची, मतपत्रिका द्यायची. रिकॉलचा प्रश्न मात्र दोन भागांत होता: वर काढायचं का, होय किंवा नाही, खाली, काढलंच तर जागी कोण, दोन नावं. अर्ध्या लोकांना वाटे की वर ‘नाही’ केलं तर खाली काही करायचं नाही. काहींना उलटंच वाटे, ‘होय’ म्हणजे जजसाहेब राहू देत. आम्ही प्रश्न वाचून दाखवू शकतो, पद्धत सांगू शकतो. त्यापुढे तोंड बंद.

दुपारच्या आधी एक मराठी जोडपं आलं. काका सत्तरीचे, टाय लावलेला, काकू पंजाबी ड्रेसवर स्वेटर. दोघांचंही नागरिकत्व झालेलं. काकूंना इंग्रजी छापील अक्षर वाचता येत नव्हतं. इथे मतदाराला मदतीला कुणाला तरी आत नेता येतं, म्हणून काका बरोबर गेले. दोन मिनिटांत आवाज यायला लागला.

“अगं, ‘नाही’वर कर. वीस वर्षांचं पोर ते. पोहणं संपलं, कॉलेज संपलं, जन्मभर गुन्हेगारांच्या यादीत नाव. अजून काय करायचं त्याचं?”

“अहो, तुम्ही मला वाचून दाखवायला आलाय ना? मग वाचा.”

“वाचतोच आहे.”

“वाचत नाहीये, शिकवताय मला.”

मी जवळ गेले. “काका, वाचून दाखवा, पण ठरवायचं त्यांनी.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांचं नवऱ्याशी सुरू होतं. “तालमीतल्या त्या पोराचं आठवतंय का? तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. जिल्ह्याला पदक आणणारं पोर आहे, केस केली तर वाटोळं होईल. त्या मुलीची शाळा सुटली. आणि तो? खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागला!”

काका गप्प झाले. हॉलच्या पलीकडून आमच्या केंद्रप्रमुख बाई तरातरा आल्या. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण मध्येच आलेलं ‘पर्स्की’ बरोबर कळलं होतं. मतदान केंद्रात आणि बाहेर शंभर फुटांपर्यंत प्रचार चालत नाही, घरच्या माणसाचासुद्धा नाही. काकांनी चष्मा पुसला आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. पुढची मतपत्रिका काकूंनी माझ्याकडून वाचून घेतली, टोलसकट. त्यांनी कुठे खूण केली हे मला दिसलं, ते अर्थातच सांगणार नाही.

काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. लैंगिक गुन्हेगार म्हणून जन्मभर नोंदणी ही लहान शिक्षा नव्हे. दर वेळी घर बदललं की पोलिसांकडे जाऊन नाव लिहायचं, म्हातारपणीसुद्धा. पण ती नोंदणी कायद्यानेच बंधनकारक होती, जजच्या हातात नव्हती. त्यांच्या हातात तुरुंगाचे दिवस होते आणि तिथे त्यांनी हात आखडता घेतला.

जेवायला मी आमच्याबरोबर काम करणाऱ्या शाळकरी मुलीला घेऊन पार्किंगच्या टोकाला गेले, म्हणजे शंभर फुटांबाहेर. इथे सोळा वर्षांची मुलं केंद्रावर काम करू शकतात. ती स्वतः शाळेच्या संघातून पोहायची, पहाटे पाचला पाण्यात. मी तिला विचारलं, पोहणारा म्हणून त्याला सूट मिळाली असं वाटतं का. ती म्हणाली, कोच आम्हाला वर्षभर सांगतात की पोहण्याने शिस्त येते, चारित्र्य घडतं. कोर्टानेही तेच धरलं असणार. मग सँडविचचा कागद चुरगळत म्हणाली, माझ्या लेनमध्येही असली मुलं आहेत, वेळ चांगला आहे म्हणून त्यांना कुणी काही बोलत नाही.

माझं मत त्या दिवशी तिथेच पक्कं झालं. वय लहान म्हणून सौम्य शिक्षा, याला माझा विरोध नाही. एकोणीस-वीसच्या पोरांना सुधारायला वाव द्यायलाच हवा. इथे मात्र वयाबरोबर पदकंही तोलली गेली. कसरतीने कमावलेलं शरीर, संघाची जर्सी, चांगलं कॉलेज, हे सगळं जणू चांगल्या वागणुकीचा दाखला म्हणून फाइलला लागलं. पर्स्की स्वतः स्टॅनफर्डचेच, तिथल्या लॅक्रॉस संघाचे कप्तान. त्यांनी मुद्दाम पक्षपात केला असं मी म्हणत नाही. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगानेही 2016 च्या शेवटी त्यांना दोषमुक्त केलं होतं, प्रोबेशन खात्याची शिफारसही सौम्यच होती. पण समोरच्या पोराचं उद्याचं आयुष्य त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या मुलीचं दिसलं नाही.

मत असतं तर मी ‘होय’ केलं असतं. थोडी खळखळ झालीच असती, कारण शिक्षा अपुरी म्हणणारे खुद्द डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीचे मुख्य सरकारी वकील, जेफ रोझन रिकॉलच्या विरोधात होते. बरेच सरकारी बचाव वकीलही. त्यांची भीती खरी होती: जज घाबरले की झळ आधी गरीब, काळ्या, लॅटिनो पोरांना लागते. 2016 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाने कायदा बदलून बेशुद्ध व्यक्तीवरच्या अशा गुन्ह्यात प्रोबेशनची वाटच बंद केली. टेनेसीत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या कोरी बेटी या काळ्या खेळाडूला बेशुद्ध मुलीवरच्याच अत्याचारासाठी त्याच वर्षी 15 वर्षं झाली, कारण तिथे कायद्यानेच त्याहून कमी देता येत नव्हती. सहा महिने आणि पंधरा वर्षं, दोघेही गुन्ह्याच्या वेळी कॉलेजचे खेळाडू. दोन राज्यं, दोन कायदे, गुन्ह्याची कलमंही वेगळी, हे मला कळतं. तरी किमान शिक्षेच्या कायद्याला मी मत दिलं नसतं.

साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘होय’ म्हटलं. 1932 नंतर कॅलिफोर्नियात मतदारांनी परत बोलावलेले पर्स्की पहिले जज ठरले. पुढे 2019 मध्ये त्यांना आमच्याच भागातल्या एका हायस्कूलच्या मुलींच्या टेनिस संघाचे कोच नेमलं गेलं आणि ओरड होताच काही दिवसांत काढलंही गेलं. त्या वेळी शेजारणीने मला निषेधाच्या पत्रावर सही मागितली. मी दिली नाही. तिला म्हटलं, पर्स्कींची खुर्ची गेली, आता कोचिंगही गेलं तर जाऊ दे, मला त्यात काही मिळवायचं नाही. त्यापेक्षा आपल्या शाळेच्या स्विमिंग कोचला विचारूया, एखाद्या मुलीने तक्रार केली तर मुलगा पुढच्या शर्यतीत उतरतो की बाकावर बसतो. शेजारीण म्हणाली, विचारते. पुढच्या पालकसभेत आम्ही दोघींनी विचारलं. असा काही लेखी नियम नाही, असं उत्तर मिळालं. मग आम्ही तो मागायला सुरुवात केली.