घर आवरताना स्वतःला सांभाळून घ्यावे

दसरा झाला की इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीच्या साफसफाईला जोर येतो. पिंपे खाली उतरतात, गाद्या-गोधड्यांना गच्चीत ऊन दाखवले जाते, आणि घरातल्या बाईच्या तोंडी ‘अजून काहीच झालं नाही’ हे वाक्य सारखे येऊ लागते. हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. डबे घासून झालेले असतात, पंखे पुसलेले असतात, पडदे धुऊन पुन्हा लागलेले असतात. तरी मन हिशेब मांडते तो उरलेल्या कामाचाच. घर लावताना स्वतःशी सौम्यपणे वागावे असे मी म्हणते, तेव्हा माझा रोख प्रथम या हिशेबावर असतो. झालेले काम जमेच्या बाजूला लिहिले गेलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, घरातील व्यवस्था ही तिथे राहणाऱ्या माणसांच्या सवयींना धरून असावी. एकदा घातलेले, पण लगेच धुण्यात टाकावेत असे न झालेले कपडे ठेवायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि बहुतेक घरांत तो एखाद्या खुर्चीच्या पाठीवर सुटलेला असतो. आमच्याकडेही तसेच होते. रोज रात्री ती खुर्ची रिकामी करण्याचा नियम करण्यापेक्षा आम्ही दाराच्या मागे खुंट्यांची एक पट्टी ठोकली. कपडे आता तिथे लटकतात, दिसतातही, पण सकाळी घाईत हात सरळ तिकडे जातो. जी सवय वर्षानुवर्षे मोडत नाही, तिला घरात हक्काची जागा देणे हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आमच्या शहराकडूनही या बाबतीत शिकण्यासारखे आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ मध्ये पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. एखाद्या मोहिमेत झाडून काढल्याने हे साधलेले नाही. कचरागाडी रोज दारापर्यंत येते, म्हणून ते साधले आहे. आज राहिलेली पिशवी उद्या जाते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यायचा असतो, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहा डबे मांडणे कोणालाही जमणारे नाही. म्हणून आमच्याकडे ओल्या-सुक्याचे दोन डबे ओट्याखाली आहेत, प्लास्टिकची पिशवी खिळ्याला अडकवलेली असते, सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वेगळा दिला जातो, आणि संपलेले सेल, फुटके बल्ब व बिघडलेले चार्जर बाल्कनीतल्या दोन खोक्यांत साठून खोके भरले की जातात. नियम पाळला जातो, मात्र आपल्या जागेच्या आणि शक्तीच्या मापाने. घरातील इतर कामांनाही हीच सवलत का देऊ नये?

माळव्यात वर्षाचे गहू उन्हाळ्यात भरून ठेवण्याची रीत आहे. रामबागेतल्या जुन्या घरात माझ्या सासूबाई छावणी मंडीतून शरबती गहू आणवत, चादरींवर पसरून त्याला चांगले ऊन देत, चाळून-निवडून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचे थर देत पत्र्याच्या कोठीत भरत, आणि तूरडाळीला एरंडेल चोळून ती वेगळ्या डब्यात ठेवत. फ्लॅटमध्ये आल्यावर गच्ची सामाईक झाली, त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि दोनेक महिन्यांचेच गहू आणणे सोयीचे ठरले. तरी ‘कोठी रिकामी दिसली की मला चैन पडत नाही गं’ असे त्या म्हणत राहिल्या. त्यांच्या या बोलण्यातला सल मला समजत होता, कारण भरलेली कोठी हा त्यांच्या संसाराचा मान होता. त्यामुळे कोठी आम्ही काढली नाही. आज तिच्यात थंडीच्या रजया आहेत, वर झाकणावर दिवाणासारखी सतरंजी आहे, आणि थोडेसे गहू त्या अजूनही खुर्चीत बसून ताटात निवडतात. पुष्कळ साठवले तरच घर नीट चालले, ही समजूत मात्र आम्ही दोघींनी हळूहळू सोडली. प्रकृती बदलली, जागा बदलली, तर रीतही बदलली पाहिजे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आवराआवरीच्या जपानी पद्धतीसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या मारी कोंडो खोलीवार न आवरता प्रकारवार आवरायला सांगतात: आधी कपडे, मग पुस्तके, कागदपत्रे, किरकोळ वस्तू, आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. हा शेवटचा क्रम मला मनापासून पटतो. आईची पत्रे किंवा मुलाचे पहिले झबले हातात घेऊन ‘ठेवू की देऊ’ हे थकलेल्या मनाने ठरवू नये. मात्र सगळे कपडे एकदम पलंगावर ओतायचे तर पूर्ण मोकळा दिवस लागतो, आणि तो नोकरी करणाऱ्या बाईकडे क्वचितच असतो. तिने एक खण काढावा, तो लावावा आणि थांबावे. स्वतः कोंडो यांनीही २०२३ मध्ये सांगितले की, तिसऱ्या अपत्यानंतर घर नीटनेटके ठेवण्याचा आग्रह त्यांनी बराचसा सोडला आहे आणि मुलांसोबतचा वेळ त्यांना अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या या मोकळेपणाबद्दल मला आदर वाटतो.

स्वतःविषयीच्या करुणेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या करुणेची तीन अंगे मांडली: स्वतःशी प्रेमळपणे वागणे, आपले दुःख सर्व माणसांना सामाईक आहे हे जाणणे, आणि जे वाटते आहे ते न वाढवता, न दडपता पाहणे. पसाऱ्याच्या बाबतीत यांतले दुसरे अंग फार उपयोगी पडते. शेजारणीचा दिवाणखाना पाहून आपण खट्टू होतो, तेव्हा तिच्या बंद दारामागच्या खोलीचा आपल्याला विसर पडतो. घरोघरी मातीच्या चुली असतातच.

तरीही केवळ मनाची समजूत घालून भागणार नाही, कारण प्रश्न वाटणीचाही आहे. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हा आकडा समोर ठेवला की ‘मला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी ‘हे माझ्या एकटीवर का आहे’ असे विचारणे योग्य ठरते. काम वाटून दिले की ते दुसऱ्याच्या पद्धतीने होऊ देणेही आले. आमच्याकडे टॉवेलच्या घड्या यजमान घालतात, त्या लांबट होतात आणि कपाटात थोड्या बाहेर डोकावतात. मुलगा वाणसामान लावतो, तेव्हा पोहे आणि साबुदाणा यांच्या बरण्यांची अदलाबदल होते. आता बरण्यांवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, आणि कपाटाची ती फळी चार बोटे रुंद करायला सुताराला सांगितले आहे.