तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्निकल रिपोर्ट म्हणजे नेमकं काय?

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो: टेक्निकल रिपोर्ट म्हणजे शोधनिबंधच ना? मग त्याची नोंद वेगळी का?

संशोधन दोन्हींत असतं. शोधनिबंध विषयातल्या जाणकारांसाठी लिहितात आणि नियतकालिक तो तज्ज्ञांकडून तपासून घेऊनच छापतं. रिपोर्ट मुख्यतः ज्यानं काम सोपवलं, त्याच्यासाठी असतो. सरकारी खातं, प्रयोगशाळा किंवा कंपनी तो स्वतःच काढते, आणि पुस्तकांच्या दुकानात तो सहसा मिळत नाही. म्हणून आम्ही तो ‘ग्रे लिटरेचर’मध्ये धरतो. सरकार, विद्यापीठं आणि उद्योगांनी तयार केलेलं, पण व्यावसायिक प्रकाशकांच्या हाती नसलेलं साहित्य, अशी त्याची व्याख्या १९९७ साली लक्झेंबर्गच्या परिषदेत मांडली गेली.

नियतकालिकात जे मावत नाही, ते रिपोर्टात सापडतं. नासाच्या आधी अमेरिकेत विमानविद्येचं संशोधन पाहणारी ‘नाका’ ही समिती होती. तिचा १९३३चा ४६० क्रमांकाचा रिपोर्ट उघडून बघा. विमानाच्या पंखाच्या ७८ छेदाकृती (पंख आडवा कापला तर दिसणारे आकार) वातबोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, तपासून प्रत्येकीचे आकडे त्यात दिले आहेत. त्यातली एक २४१२. पहिला आकडा सांगतो की पंखाचा बाक त्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या २ टक्के आहे. दुसरा सांगतो की तो बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर सर्वाधिक आहे. उरलेले दोन म्हणजे १२ टक्के जाडी. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचा पंख याच आकृतीवर बेतलेला आहे. तज्ज्ञांची तपासणी नाही म्हणून रिपोर्ट हलका, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. पैसे कोणाचे होते, हे मात्र पहिल्या पानावर जरूर पाहावं.

नोंद करताना माझा सगळा जीव असतो क्रमांकात. एकाच रिपोर्टाला लिहिणाऱ्या संस्थेचा एक, पैसे देणाऱ्याचा दुसरा आणि प्रती पुरवणाऱ्या केंद्राचा तिसरा क्रमांक असू शकतो. शिवाय कंत्राटाचा वेगळाच. वाचक यातला कुठला घेऊन येईल ते सांगता येत नाही, म्हणून मी सगळे नोंदवते. संदर्भसूचीतून रिपोर्ट शोधायला याल, तेव्हा ती अक्षरं आणि आकडे मधल्या रेघांसकट उतरवून आणा. लेखकाचं नाव नसलं तरी चालेल.