नवतप्यातली जावयाची गाडी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की आमच्या नागपूरच्या कामठी रोडवरच्या गॅरेजात दुपारी बारा ते चार कोणी पाना उचलत नाही. उन्हात पडलेला पाना चटका देतो. त्यात बोनेटवर वाकलं की खालून इंजिनाची भट्टी आणि वरून टिनाची. 2024 च्या मे अखेरीस अशाच एका दुपारी मी कुलरसमोर आडवा पडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ, आमच्या जावईबापूंची गाडी तापून राहिली. लाल दिवा लागला. काय करू?"

मागून हॉर्नचा गलका ऐकू येत होता. मी म्हणालो, "एसी बंद कर, काचा खाली घे आणि हीटर फुल लाव."

"मजाक करून राहिले का? बाहेर पंचेचाळीस आहे!"

मजाक नव्हती. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला एक छोटा रेडिएटर, पाण्याची उष्णता हवेत टाकणारा. तो चालू केला की इंजिनाची थोडी उष्णता माणसांच्या अंगावर येते, पण इंजिनाला तेवढीच उसंत मिळते. पोरगा शिव्या देत देत रस्त्याच्या कडेला आला आणि दिवा विझला. मग गाडी बंद करायला लावली, आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीच्या झाकणाला हात लावशील तर हात भाजून घेशील असा दम भरला. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. आत वातावरणापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो, म्हणून आतलं कूलंट 100 च्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

टोइंगच्या सपाट गाडीवरून उतरली ती दोन सीटची, लाल, जमिनीला चिकटलेली जर्मन गाडी. आमच्याकडे टॅक्सी आणि डिझेल गाड्याच जास्त. पण रेडिएटर आणि एसीचं काम बावीस वर्षं करतो, आणि कंपनीचं वर्कशॉप मुंबईत, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. जावईबापू मुंबईचे. एप्रिलमध्ये लग्नासाठी इगतपुरीहून समृद्धीवर चढून ते गाडी हाकत नागपूरला आले, मग कामासाठी विमानाने परतले आणि गाडी वर्धा रोडला सासऱ्यांच्या बंगल्यात ठेवून गेले. त्यांचा साळा, म्हणजे फोनवरचा तोच पोरगा, रोज संध्याकाळी मित्रांना दाखवायला ती फुटाळा तलावावर न्यायचा. त्याला विचारलं, आधी काही जाणवलं होतं का? तो म्हणाला, "हायवेवर मस्त चालते. सिग्नलला थांबली की एसी गरम हवा फेकते, एवढंच." मी मनात म्हटलं, एसीचा गॅस कमी असेल.

तिथेच चुकलो. एवढ्या एका वाक्यात अख्खा आजार सांगून झाला होता, आणि मी पाण्याच्या मागे लागलो.

तसं कारणही होतं. टाकीतलं कूलंट फिकट, जवळजवळ पाणीच दिसत होतं. मागच्या आठवड्यात लेव्हल कमी दिसली म्हणून साळ्याने बोअरचं पाणी ओतलं होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड ते ज्याच्या घरी कुलर आहे त्याला सांगायला नको. ताट्यांवर जमतो तोच पांढरा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. साधं पाणी उष्णता कूलंटपेक्षा जास्त वाहून नेतं हे खरं, पण त्याने गंज धरतो आणि ते लवकर उकळतं. मी सगळं काढलं, आतून धुतलं, गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढून पातेल्यात गरम पाण्यात धरून पाहिला. वेळेवर उघडत होता. मग बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

भरणं हेच मोठं प्रकरण. या गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत एकेक. मधला प्रवास गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब नळ्यांतून. आपल्या नेहमीच्या गाडीसारखं वरून ओतलं तर नळीत कुठेतरी हवा अडकून बसते आणि पाणी पुढे सरकतच नाही. त्यासाठी कॉम्प्रेसरवर चालणारं एक यंत्र येतं. ते आधी सगळ्या नळ्यांतली हवा ओढून घेतं आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घेतं. मित्राकडून ते मागून आणलं. रात्री चक्कर मारली, गाडी शहाण्यासारखी चालली. मी बिल लिहायलाही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गाडी अंगणात उभी करून एसी लावला. वीस मिनिटांत स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, कूलंट 108 अंश. डॅशबोर्डावरची सुई मात्र मधोमध, निवांत. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ही सुई मुद्दाम सुस्त ठेवलेली असते, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून. सुईवर विश्वास ठेवणाऱ्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मग डोकं ठिकाणावर आलं. आमचे उस्ताद शिकवायचे, पळताना तापली तर पाणी बघ, उभी असताना तापली तर वारा बघ. पळताना समोरून वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, दोघांचा पंखा एकच. सिग्नलला एसी गरम फेकतो म्हणजे पंखा काम करत नाही. साळा हेच तर सांगत होता.

पंखे पाहिले. एसी लावताच ते हळू चालायला हवे होते. दोन्ही गप्प. 102-103 च्या पुढे गेल्यावर एकदम विमानासारखे सुटायचे. हळू चालण्यासाठी वीज तिला अडवून कमी करणाऱ्या एका रेझिस्टरमधून जाते आणि तो पंख्याजवळ, धूळ-पाणी खात बसलेला असतो. मल्टीमीटर लावला, दोन्हीकडचे जळालेले. पार्ट बाहेरून मागवावा लागणार होता. तोवर वायर आणि फ्यूज फुल स्पीडला पुरतात याची खात्री करून रेझिस्टर टाळून वीज थेट पंख्यांना दिली. म्हणजे पंखे चालले की फुलच चालणार. आवाज होईल, पण इंजिन वाचेल.

आवाज झाला. आणि तरी 106.

आता खरं सांगायचं तर हात टेकले होते. एवढा वारा ओढूनही गाडी का तापावी? टेम्परेचर गन घेऊन खाली आडवा झालो. उजव्या रेडिएटरमध्ये पाणी 104 ने शिरत होतं आणि 88 ने निघत होतं. डाव्यात 104 ने शिरून 101 ने. नळी गरम होती, म्हणजे पाणी वाहत होतं. पण डावा रेडिएटर नुसता पाहुणा होता, त्यातून पाणी जसं आलं तसं परत चाललं होतं. मी पुढून जाळीतून बॅटरी मारली. कंडेन्सरच्या पात्या स्वच्छ. काल मीच पुढून पाण्याचा फवारा मारला होता.

हाताखालच्या छोट्याला म्हटलं, बिलबुकाचं पान फाड आणि जाळीवर धर. पंखा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसायला हवा. उजवीकडे पान फटकन चिकटलं. डावीकडे सुटून खाली पडलं.

"भाऊ, इकडं चिपकूनच नाही राहिला."

बंपर काढला. डाव्या कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो पुढे झुकवला, आणि मागे रेडिएटरच्या तोंडावर चक्क गोधडी! बोटभर जाडीची, करडी, पाखरांच्या पंखांनी आणि वाळक्या पानांनी भरलेली. हाताने ओढली तर अखंड निघाली. छोट्याने चिमटीत घेऊन पिंजली आणि म्हणाला, "हा तं सावरीचा कापूस."

सासऱ्यांच्या बंगल्यात फाटकाजवळ मोठी सावर आहे. एप्रिल-मेमध्ये तिची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडत राहतात. तीन-चार आठवडे गाडी त्याच झाडाखाली, तोंड झाडाकडे करून. रोज संध्याकाळी सुरू झाली की खालचा कापूस आत ओढायची. तो कंडेन्सरच्या कडेच्या फटीतून घुसायचा आणि मागच्या रेडिएटरवर जाऊन बसायचा. वरून पाहणाऱ्याला सगळं लख्ख. काल मी पुढून फवारा मारला तेव्हा हीच गोधडी ओली करून आणखी घट्ट बसवली होती. उजवीकडेही होती, पण पातळ.

हलक्या धारेने, आतून बाहेर अशी उलटी धुलाई केली. वाकलेल्या पात्या सुईने सरळ करत संध्याकाळ झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी दोन, पुन्हा अंगण, एसी फुल. चाळीस मिनिटं मी खुर्ची टाकून स्कॅनरसमोर बसलो. 97, 99, 96, 98. त्याच्या वर गेली नाही.

रात्री जावईबापूंचा फोन. त्यांना पटेना. "मिस्त्री, मुंबईत तर रेझिस्टर जळालेला असूनही ती कधी तापली नसेल. मग नागपुरातच का?" प्रश्न बरोबर होता. रेडिएटर उष्णता टाकतो ती बाहेरच्या हवेत. कूलंट 95 आणि हवा 25 असेल तर सत्तरचा फरक मिळतो. हवा 45 झाली की फरक उरतो पन्नास. रेडिएटर तोच, पाणी तेच, काम मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. वर ही गाडी इतकी बुटकी की हवा ओढते ती थेट डांबराच्या अंगावरची. त्या दुपारी माझ्या गनने रस्ता 62 दाखवला होता. थंड गावात जळालेला पंखा आणि थोडा कचरा खपून जातो. नवतप्यात सगळा हिशेब एकदम चुकता करावा लागतो.

"आणि बिलात 'कापूस काढणे' असं लिहिलंय?"

"दुसरं काय लिहू साहेब? काढला तोच."

ते हसले, पैसे पाठवले, आणि गाडी झाडाखालून हलवायला सासऱ्यांना सांगितलं. सासरे म्हणाले, सावली दुसरीकडे कुठे आहे? शेवटी तोंड रस्त्याकडे आणि पुढे जुनी चादर, यावर तह झाला.

रेझिस्टर आले जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मी ते बसवले तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. एसी लावला, दोन्ही पंखे गुपचूप हळू फिरू लागले, आणि स्कॅनरवर आकडा 91.