गाडीचं चाक थांबतं तिथून पुढे

पुण्यात बसून मी लोकांच्या युरोप सहली आखते, विशेषतः स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्यांच्या. व्हिसा, विमानं, विमा हे सगळं आता अंगवळणी पडलंय. जीव टांगणीला लागतो तो जुन्या शहरातल्या हॉटेलच्या दारापर्यंत गाडी पोचेपर्यंत. त्यात स्पेनमधलं ग्रानादा सगळ्यात अवघड.

तिथला आल्बायसिन म्हणजे मुस्लिम राजवटीपासूनची डोंगरउतारावरची वस्ती. समोरच्या टेकडीवर आल्हांब्रा, म्हणजे त्या राजांचा किल्ला आणि महाल. खिडकी उघडली की लाल भिंती दिसतात, म्हणून सगळ्यांना तिथेच राहायचं असतं. पण गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि लादलेल्या जनावरांसाठी झालेल्या. आत शिरणाऱ्या गाड्यांवर कॅमेऱ्यांची नजर असते. पाहुण्यांना गाडी नेता येते, पण गाडीचा नंबर हॉटेलनं नगरपालिकेकडे नोंदवावा लागतो, नाहीतर दंड. आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतो! त्यामुळे गाडी ताब्यात घेतली की नंबरपाटीचा फोटो मला, माझ्याकडून हॉटेलला, आणि हॉटेलकडून लेखी पोच, असा माझा शिरस्ता आहे.

तिथे मी पाठवलेलं एक कुटुंब चौघांचं: काका, काकू, मुलगा आणि सून. काका पंचाहत्तरीचे, दोन्ही गुडघे दुखरे. मी खाली ग्रान व्हिया रस्त्यालगतचं लिफ्टवालं हॉटेल सुचवलं होतं, कारणांसकट, ईमेलवर. काकूंना आल्हांब्रा खिडकीतूनच बघायचा होता. आयुष्यात एकदाच जाणार, त्यांची इच्छा मोडवेना.

सेव्हिलच्या सांता हुस्ता स्टेशनवर गाडी घेतली. मी मुद्दाम लहान गाडी ठरवली होती. काउंटरवरच्या माणसानं ‘त्याच पैशांत मोठी देतो’ म्हणून एसयूव्ही गळ्यात मारली. असल्या फुकट मेहेरबानीचा मला मनस्वी राग आहे. पाटीचा फोटो आला, मी हॉटेलला पाठवला, पोचही आली. तेवढ्यात मुलानं वाटेतून खात्रीसाठी हॉटेलला फोन केला आणि नंबर तोंडी सांगितला. स्पेनच्या पाटीवर चार आकडे आणि तीन व्यंजनं असतात, स्वर नसतात. स्पॅनिश बोलण्यात बी आणि व्ही यांचा उच्चार एकसारखाच. रिसेप्शनवरच्या माणसानं फोटो बाजूला ठेवून कानानं ऐकलेलं लिहून घेतलं.

सेव्हिल ते ग्रानादा अडीचशे किलोमीटर. वाटेत जेवण झालं आणि पोचायला रात्र झाली. आपल्याकडे दोन वाजून गेलेले. फोन वाजला. ‘मॅडम, मॅप आणखी वर जा म्हणतोय, गल्ली पुढे निमुळती होतेय, मागे टॅक्सी उभी आहे.’ आरसे दुमडलेले, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मी म्हटलं, मॅप बंद करा, मागे घेऊ नका, जागचे हलू नका. दुसऱ्या फोनवर हॉटेलला उठवलं. हॉटेलातला पोरगा धावत आला आणि गाडीपुढे चालत त्यानं त्यांना सान मिगेल बाखोच्या चौकात नेलं. त्या पोराचं कौतुक करावं तेवढं थोडं.

चाकं तिथे थांबली. पुढची वाट उताराची, पायऱ्यापायऱ्यांची. ग्रानादाची फरसबंदी म्हणजे नदीतले काळे-पांढरे गोटे उभे रोवून केलेली नक्षी. दिसायला देखणी, पण पिढ्यान्पिढ्या पावलांनी गुळगुळीत झालेली. त्यावर बॅगेची चाकं फिरत नाहीत आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस पाऊल कुठे टेकवायचं ते शोधत राहतो. सून आणि तो पोरगा काकांना दोन्हीकडून धरून खाली घेऊन गेले. मुलगा त्रिउन्फो बागेजवळच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून टॅक्सीनं परतला. बुकिंगच्या पानावर ‘पार्किंग उपलब्ध’ लिहिलं होतं ते हेच! हॉटेलपासून पार्किंगपर्यंत किती चालायचं आणि मध्ये किती पायऱ्या, हे एकही साइट सांगत नाही. ही ग्राहकाची शुद्ध फसवणूक आहे.

सकाळी आल्हांब्राला गेले. तिथल्या नसरी महालांच्या, म्हणजे मुस्लिम राजांच्या महालांच्या, प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते, ती चुकली की संपलं. त्यांची चुकली नाही.

मग काही महिन्यांनी दंडाची नोटीस आली, गाडी कंपनीनं चालकाचं नाव कळवण्याचे वेगळे पैसे कापून. नोंद झालेला नंबर एका अक्षरानं वेगळा होता. स्पेनमध्ये वीस दिवसांत भरलं तर दंड निम्मा, पण मग हरकत घेण्याचा हक्क सोडावा लागतो. हरकत घेतली तर सवलत जाते. माझ्याकडे वेळेसकट फोटो होता, हॉटेलची पोच होती. मी म्हणत होते, लढूया. हॉटेलनं मात्र ‘पाहुण्यांनी फोनवर तसंच सांगितलं’ एवढंच कळवलं. मुलगा म्हणाला, ‘जाऊ द्या ना मॅडम, आईला हवी ती खिडकी मिळाली.’ निम्मे पैसे भरून त्यानं विषय मिटवला.

माझ्या मनातून मात्र विषय गेलेला नाही. लेखी पुरावा हातात असताना निरपराध माणसानंच पैसे का भरावेत? त्या हॉटेलनं आपली चूक लेखी मान्य करेपर्यंत मी तिथे कुणालाही पाठवणार नाही, खिडकीतून काहीही दिसत असलं तरी.